पारा उडालेला आरसा

आरसा विकत घेणे ही लुगडे किंवा भांडे विकत घेण्याइतकी सोपी गोष्ट नाही. लुगडे पाहताना आपण लुगडेच पाहतो, भांडे पाहताना भांडेच. आरसा पाहायला गेलेले माणूस मात्र आरसा सोडून बाकी सगळे पाहते. दुकानात दहा आरशांसमोर उभे राहून ते दहा वेळा स्वतःलाच पाहून येते, आणि ज्यात आपण त्यातल्या त्यात बरे दिसलो तो आरसा उत्तम, असा निकाल देऊन मोकळे होते. दुकानदारांनाही हे मर्म ठाऊक असते. म्हणून तर ते आरशावर नेमका चेहऱ्यापुरता दिवा सोडतात!

अकोटला आम्ही घर बांधले आणि त्या घराच्या दिवाणखान्यात एक मोठा आरसा असावा असे ठरले, तोपर्यंत मला या भानगडीची कल्पना नव्हती. ठरवले कोणी, तर घराची सजावट करून देणाऱ्या अकोल्याच्या एका तरतरीत मुलीने. तिने मोबाइलवर मला चित्रे दाखवली. प्रत्येक चित्रात एक भिंत, भिंतीवर एक काळवंडलेला आरसा, आणि त्याखाली कोणीही कधी बसणार नाही अशी एक खुर्ची. "मॅडम, हा व्हिंटेज लूक," ती म्हणाली. किंमत विचारली तेव्हा माझाच चेहरा काळवंडला. मग कळले की हे आरसे जुने नसतातच. नव्याकोऱ्या काचेच्या पाठीवर आम्ल शिंपडून तिला डाग पाडायचे, चौकट घासून रंग उडवायचा, आणि मग शंभर वर्षांच्या म्हातारपणाचे पैसे घ्यायचे. आमच्याकडे लोक केस काळे करायला पैसे देतात. हे आरशाचे केस पांढरे करायचे पैसे!

मी म्हटले, जुनाच घ्यायचा तर खरा जुना घेऊ. वऱ्हाडात जुन्या वस्तूंना काय तोटा आहे? कापसाच्या पैशाने इथे एके काळी वाडे उठले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. पुढे १८६७ साली भुसावळहून नागपूरला जाणारा आगगाडीचा रस्ता पुरा झाला. गाडीने इकडून रुईच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या आणि मुंबईहून झुंबरे, घड्याळे, आरसे इकडे येऊ लागले. ते वाडे आता वाटण्यांमध्ये पडताहेत. तुळया जातात, दारे जातात, कोरीव खांब जातात. ते मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, कोणा हौशी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभे असतात. आपल्या वस्तू आपण तिथून दसपट किमतीला परत आणाव्यात, त्यापेक्षा इथेच गाठलेल्या काय वाईट?

तेव्हा मी शोधाला लागले. पण शोधायचे म्हणजे ओळखायचे कसे? मी मराठी शिकवणारी बाई. आरसा म्हटला की मला आधी शब्द दिसतो. संस्कृतातल्या 'आदर्श'पासून प्राकृतातून घरंगळत आलेला हा 'आरसा'. आदर्श म्हणजे मुळात ज्यात पाहायचे ती वस्तू. आता आपण आदर्श थोरांच्या तसबिरींना म्हणतो आणि आरसा न्हाणीघरात टांगतो! 'ऐना' फारसीतून आला, 'बिलोरी'ही तिकडूनच. पण शब्दांच्या या श्रीमंतीवर बाजारात कोणी आठ आणे सूट देत नाही. शेवटी शिक्षककक्षात रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना चहा पाजून मी हे ज्ञान मिळवले. तुमच्यापैकी कोणाला जुना आरसा घ्यायचा असेल तर फुकट देते.

आरशाला नख टेकवावे. नख आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यात फट दिसते, कारण चकाकी काचेच्या पाठीला असते. काच जितकी जाड तितकी फट मोठी. केरळात आरन्मुळा गावी तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचा धातूचा आरसा करतात. त्यात नख थेट आपल्या जोडीदाराला जाऊन भिडते, मध्ये फट नाही. आपल्याकडचे फार जुने आरसे असेच धातूचे असत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शृंगार करणारी राजकन्या हातात आरसा धरून उभी आहे. तो असाच, घासून लख्ख केलेला, मूठभर आकाराचा. भिंतभर काचेचा आरसा ही पुष्कळ नंतरची चैन. फ्रान्सच्या राजाने व्हर्सायला १६८४ साली आरसेमहाल पुरा केला, त्यात ३५७ आरसे बसवले. आमच्या पुण्याच्या शनिवारवाड्यातही जुना आरसेमहाल होता. १८२८च्या आगीत वाडा जळाला, त्यात तोही गेला.

दुसरी परीक्षा पांढऱ्या कागदाची. कोरा कागद आरशासमोर धरावा आणि आतला कागद कोणत्या रंगाचा दिसतो ते पाहावे. आतला कागद निळसर करडा, पावसाळी आभाळासारखा दिसला तर आरसा बहुधा पाऱ्याचा. पूर्वी कथलाचा पातळ पत्रा पसरून त्यावर पारा ओतीत आणि वरून काच सरकवीत, मग वजने ठेवून जास्तीचा पारा निथळू देत. म्हणजे आमचा कल्हईवाला पितळी भांड्याला जे कथील लावतो तेच ते, पाऱ्याच्या संगतीने काचेला लावलेले. त्या पाऱ्याच्या वाफेने युरोपातल्या आरसे करणाऱ्या कारागिरांचे हात कापू लागत, दात पडत. दुसऱ्यांना सुंदर मुखडे दाखवण्यासाठी ही माणसे स्वतःचे तोंड गमावून बसत! १८३५ साली लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत पारा हळूहळू हद्दपार झाला. आमचे रसायनशास्त्राचे सहकारी म्हणाले, "त्यात काय एवढे, दरवर्षी पोरे परीक्षानळीत हाच आरसा करतात." तरीही आपण अजून म्हणतो, आरशाचा पारा उडाला. पारा आरशातून गेला त्याला शंभर वर्षे झाली. भाषेतून काही तो उडायला तयार नाही.

तिसरी गोष्ट लाटांची. आरशासमोर सावकाश चालावे. मागची खिडकी किंवा दाराची चौकट आत सरळ राहिली तर काच नवी. ती पाण्यात पडल्यासारखी हलली तर काच जुन्या पद्धतीने ओढून काढलेली. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आरपार सपाट करण्याची युक्ती इंग्लंडातल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. भारतात तसे कारखाने निघाले ते १९९० नंतरच्या दशकात. लाटा दिसल्या म्हणजे आरसा शंभर वर्षांचा झाला असे मात्र नव्हे. माझ्या लहानपणच्या कपाटाच्या आरशातही माझे नाक एका विशिष्ट जागी येताच लांब होत असे. आणि शंभर वर्षांचे म्हणाल तर १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभरी ही मर्यादा धरलेली आहे. त्याअलीकडच्या वस्तूला अँटिक म्हणणे ही दुकानदाराची कविकल्पना समजावी.

डाग पाहावेत, हेही सांगायचे राहिले. खरे डाग कडेकडेने येतात, खालच्या बाजूला जास्त येतात. कारण ओल तिथेच उतरते. आरशाच्या मधोमध, फुले उधळल्यासारखे सुबक डाग दिसले की समजावे, हे वय नव्हे, हा मेकअप आहे.

या विद्येने सज्ज होऊन मी यजमानांसह तेल्हाऱ्याकडच्या एका गावी गेले. तिथे एक वाडा उतरवीत होते. सासूबाईही आमच्याबरोबर आल्या. त्यांचे माहेर त्याच बाजूचे. आरशाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते.

हे मी जरा स्पष्ट करून सांगितले पाहिजे. मामंजींना जाऊन चार वर्षे झाली. त्या दिवसापासून सासूबाईंनी कपाटाच्या आरशासमोर उभे राहणे सोडले. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. आमच्या घरात असे सांगणारे कोणी उरलेलेही नाही. त्यांनी आपली फणी आरशाजवळून उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली, एवढेच. तिथे बाहेर पाहत, हातानेच भांग चाचपीत, त्या केस विंचरतात. भांग कधी उजवीकडे जातो, कधी डावीकडे. कपाटाच्या आरशाच्या कडेला त्यांच्या जुन्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्या हळूहळू सुकून पडल्या. विधवेने आरशात पाहू नये, हा रिवाज मी पुस्तकांतून वर्गात शिकवते. तो शिकवताना मुली वहीत मान घालून लिहून घेतात आणि मला वाटते, हे सगळे झाले-गेले. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगणारे परिपत्रक काढले. मी ती बातमी सासूबाईंना वाचून दाखवली होती. "चांगलं केलं," त्या म्हणाल्या, आणि फणीतले केस काढू लागल्या. ग्रामपंचायत ठराव करील तो चौकातला. खिडकीत फणी ठेवणाऱ्या बाईला कोणत्या ठरावाने उठवायचे?

तर वाडा. अर्धे छप्पर उतरलेले, माजघरात ऊन पडलेले. ओसरीत भिंतीला टेकवून आरसा ठेवला होता. चार फूट उंच, तीन फूट रुंद. सागवानी चौकट, तिच्यावर वेल कोरलेली, आणि वेलीच्या एका टोकाला बहुधा पोपट. त्याची चोच गेली असल्यामुळे तो कबूतरही असू शकेल. काचेच्या कडा तिरप्या घासून पैलू पाडलेल्या. वाड्याचे म्हातारे मालक बाजेवर बसले होते.

"आमच्या पणजानं आनला, बाई," ते म्हणाले. "अमेरिकेत थे लढाई झाली न, तवा कापसाले सोन्याचा भाव होता. पणजा मुंबईले गेला, अन् हा आरसा अन् एक घड्याळ घेऊन आला. घड्याळ कवाचंच बंद पडलं. आरसा चालू हाय."

मी नख टेकवले, कागद धरला, चालून पाहिले. दाराची चौकट डुलली. कागद मात्र करडा दिसला नाही, चांगला उजळ दिसला. आणि आरसा पुढे ओढून पाहिले तर पाठीला तांबूस रंगाचा लेप. म्हणजे पारा नव्हे, चांदी. पणजोबांच्या गोष्टीतून निदान चाळीस-पन्नास वर्षे वजा करायला हवी होती. हे मी मनातच ठेवले. बाजेवर बसून आपला वाडा उतरताना पाहणाऱ्या माणसाच्या पणजोबांची लढाई कशाला हिरावून घ्यायची? भाव करताना त्याचा उपयोग झाला असता, असे यजमान परतताना गाडीत म्हणाले. व्यवहार त्यांना कळतो.

चौकटीच्या वरच्या पट्टीला दोन्ही टोकांना लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. मला वाटले, पणत्या किंवा समया टांगायला असतील; दिवा आरशापुढे लावला की उजेड दुप्पट होतो, विजेच्या आधीच्या काळी ही युक्ती घरोघर करीत. यजमान म्हणाले, हार घालायला असतील. तेवढ्यात आतून मालकांच्या वहिनी पाणी घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, पण बोलायला खणखणीत.

"दिव्याच्या नाहीत व माय," त्या म्हणाल्या. "पडद्याच्या हायेत. माह्या सासऱ्याले जाऊन लय वर्सं झालती. सासू माजघरातून बाहेर आली की आरसा समोरच दिसे. म्हनून कपडा लावला होता. सासू आली का कपडा खाली, गेली का वर. कपडा वर-खाली कराले मलेच बसवलं होतं."

"किती वर्षे?" मी विचारले.

"मी लगन करून आली तवापासून सासू जाईपर्यंत. वीस तरी असतीन."

आम्ही पाणी प्यायलो. कोणी काही बोलले नाही. मजूर वरून एक एक आडे खाली सोडत होते, त्याची धूळ आरशावर बसत होती. सासूबाई इतका वेळ आरशाच्या बाजूला, भिंतीशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पदराच्या टोकाने त्यांनी काचेवरची धूळ मधोमध पुसली, अगदी चेहऱ्याएवढी, आणि त्यात पाहिले. किती वेळ ते मी सांगू शकणार नाही. मी दुसरीकडे पाहत होते. मग त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "खाली काळं पडलं त्याचं काही नाही. वर साफ हाय. घेऊन टाक. पन त्या कड्या काढून टाकाले लावजो सुताराले."

झाले, आरसा घेतला. अकोटची एक जुनी जाड सतरंजी बरोबर नेली होती, तिच्यात गुंडाळून तो छोट्या हत्तीवर चढवला. इथे एक सूचना: आरसा आडवा झोपवून नेऊ नये, उभा न्यावा. वजनाचाही अंदाज आधी घ्यावा. एका चौरस मीटर काचेचे, जाडीच्या दर मिलिमीटरला, अडीच किलो वजन होते. आमची काच सहा मिलिमीटरची धरली तरी सोळा-सतरा किलो नुसती काच, वर ती सागवानी वेल आणि तो पोपट. चार इंची विटेच्या भिंतीत एक खिळा ठोकून असले ओझे टांगणाऱ्याच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. खालून आधाराला सागवानी पट्टी द्यावी आणि वरच्या खिळ्यांनी फक्त तोल सांभाळावा.

लावायचा कुठे, यावर घरात आठ दिवस वाद चालला. सजावट करणाऱ्या मुलीला दिवाणखान्याची पश्चिमेची खिडकी आरशात आणायची होती. 'जागा मोठी दिसते,' असे तिचे म्हणणे. ती अकोल्याची असून असे कसे म्हणते, याचे मला आश्चर्य वाटले. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. (हा पारा मात्र खराच चढतो!) खिडकीतून एक सूर्य आत येतो तोच पुष्कळ आहे, आरशातून दुसरा कशाला बोलवायचा? आरसा कुठे लावायचा हे ठरवताना त्या भिंतीकडे पाहूच नये. तिच्याकडे पाठ करावी आणि समोर काय आहे ते पाहावे, कारण आरशात तेच लागणार असते. आमच्या दिवाणखान्यात समोर दूरदर्शन संच आहे. तो एकच पुरे.

भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गंमत सांगितली होती. अंगभर दिसायला आरसा अंगाएवढा लागत नाही, उंचीच्या निम्मा पुरतो; जवळ उभे राहा की लांब, फरक पडत नाही. मी पाच फूट दोन इंच. मला दोन फूट सात इंचांचा आरसा पायाच्या नखापासून केसापर्यंत दाखवील. फक्त तो योग्य उंचीवर लावायला हवा: वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध. आमचा आरसा चार फुटी म्हणजे जास्तीच ऐसपैस. शेवटी उंचीचे माप सासूबाईंचे घेतले आणि आरसा त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात, उत्तरेच्या खिडकीशेजारी लावला. तिथे दिवसभर सौम्य उजेड असतो, ऊन येत नाही. पाहुण्यांना तो दिसतच नाही. सजावट करणाऱ्या मुलीने मोबाइलवर फोटो काढून पाहिला, आणि फोटोत बोळातली धुणी वाळत घालायची दोरी आली म्हणून पुसून टाकला.

डागांचे काय करायचे, असे पुष्कळ जण विचारतात. मी काही केलेले नाही. नव्याने चांदी चढवता येते, पण मग जुनी चौकट आणि नवा आरसा असा संसार होतो, तो मला पसंत नाही. पुसताना मात्र काचेवर पाणी किंवा कसलाही फवारा मारू देत नाही. ओघळ कडेने पाठीमागे उतरतो आणि काळे आणखी वाढते. कोरडे मऊ फडके घेते, जुन्या धोतराचे असेल तर उत्तम.

फणी खिडकीतच आहे. फरक एवढाच की ती खिडकी आता आरशाच्या शेजारची आहे. सासूबाई सकाळी तिथे उभ्या राहतात तेव्हा बोळातून जायची मला घाई असली तरी मी स्वयंपाकघरातून वळसा घालून जाते. गेल्या महिन्यात त्यांनी एकदा मला हाक मारून विचारले, कानामागे पांढरे जास्त झाले का गं? मी म्हटले, झाले. "मले वाटलंच," म्हणाल्या.

सुताराने कड्या उपटल्या तेव्हा वरच्या पट्टीला दोन भोके पडली. ती त्याने सागाच्या भुशात सरस कालवून बुजवली. जवळून पाहिले तरच कळतात. काढलेल्या कड्यांपैकी एक स्वयंपाकघरात चहाची गाळणी अडकवायला आहे. दुसरी कुठे गेली कोण जाणे.